कुशीवर वळलं की खोली गरगरते, एमआरआय करू का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की आई ६३ वर्षांच्या आहेत, तीन आठवड्यांपासून पहाटे उजव्या कुशीवर वळल्या की खोली गरगर फिरते, दोनदा उलटी झाली. मानेच्या एक्सरेमध्ये "मणक्यात गॅप" निघाली म्हणून पट्टा दिलाय, चक्करच्या दोन प्रकारच्या गोळ्या दिवसातून तीनदा चालू आहेत. फरक शून्य, उलट आता दिवसभर गुंगी. आणि शेजारच्यांनी डोक्यात घातलंय की मेंदूचं काही असेल, एमआरआय करून टाका. म्हणून तुम्ही विचारताय की आधी एमआरआय करू का आधी न्यूरोवाल्याकडे नेऊ.

मी गेली २४ वर्षं तालुक्याच्या गावात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करतोय आणि चक्कर हा माझ्या ओपीडीतला रोजचा विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या. आईंना मी बघितलेलं नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते "तुम्ही सांगितलंय ते तसंच असेल तर" असं धरून वाचा.

आपल्याकडे खरी पंचाईत शब्दाचीच आहे. चक्कर हा एकच शब्द आपण किमान चार वेगळ्या गोष्टींना वापरतो. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते ती चक्कर. चालताना तोल जातो, भिंतीचा आधार घ्यावासा वाटतो, तीही चक्कर. टेन्शनमध्ये डोकं हलकं-हलकं होतं, मुंग्या येतात, तीही चक्कर. आणि फुगडी खेळून थांबल्यावर सगळं घर फिरतं तशी, ती पण चक्करच. पहिलीचा संबंध बहुतेक बीपीशी, दुसरीचा पाय, नसा, कान किंवा मेंदूशी, तिसरीचा श्वासाशी आणि मनाशी, चौथीचा बहुतेक वेळा कानाशी. पेशंट आला आणि म्हणाला "डॉक्टर चक्कर येते" की त्यातून मला काहीही कळत नाही. नवीन असताना मी विचारायचो "कशी येते?" आणि लोक हाताने हवेत गोल काढून दाखवायचे, प्रत्येक जण गोलच काढतो! आता मी दोनच गोष्टी विचारतो: काय केल्यावर येते, आणि आली की किती वेळ टिकते. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

तुमच्या आईंचं बघा. काय केल्यावर? कुशीवर वळल्यावर. किती वेळ? तुम्ही लिहिलंय "पाचेक मिनिटं". इथे मी तुमच्यावर जरा शंका घेतो, रागावू नका. घाबरलेल्या माणसाला वीस सेकंद पाच मिनिटांसारखी वाटतात, आणि गरगरणं थांबल्यावर जी मळमळ आणि घाबरं राहतं ते लोक त्यातच धरतात. पुढच्या वेळी मोबाईलवर घड्याळ लावा आणि त्यांना म्हणावं, खोली फिरायची थांबली की हात वर कर. माझा अंदाज आहे की मिनिटाच्या आत हात वर होईल. तसं झालं तर हा कानातल्या कणांचा चक्कर, ज्याला आम्ही बीपीपीव्ही म्हणतो, असण्याची शक्यता खूप मोठी, कारण अशी ठरावीक हालचालीने येणारी आणि मिनिटाच्या आत ओसरणारी गरगर दुसऱ्या फारशा आजारांत येत नाही.

पुढे जायच्या आधी उलटी बाजू सांगतो, कारण "कानाचंच आहे" म्हणून कुणी घरी बसून राहायला नको. गरगर सुरू झाली आणि थांबतच नाहीये, स्वस्थ पडून असतानाही चालू आहे, किंवा बोलताना जीभ जड झालीय, एकाचे दोन दिसतात, चेहऱ्याची एक बाजू बधिर किंवा हातापायातली ताकद गेलीय, आधार देऊनही उभं राहता येत नाही, कधी नव्हे इतकं डोकं दुखतंय, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालंय, यातलं काहीही एक असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात जा. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याला त्याचा भाऊ माझ्याकडे घेऊन आला, "ते मान फिरवायचं करता ना, ते करा" म्हणत. माणूस खुर्चीत बसवला तरी एका अंगाला कलंडत होता आणि गरगर सकाळपासून एक मिनिट थांबली नव्हती. मी मानेला हातसुद्धा लावला नाही, सरळ गाडीत घालून शहरात पाठवला. छोट्या मेंदूत रक्ताची गुठळी निघाली. हे सांगतोय ते घाबरवायला नाही. येते आणि जाते, हालचालीनेच येते आणि मधल्या वेळात माणूस बऱ्यापैकी ठीक असतो, तर घाई नसते. सतत चालू आहे तर घाई असते.

आता कानात नक्की काय होतं. ऐकण्याचा कान तुम्हाला माहितीय, पण त्याच्याच आत, हाडाच्या पोकळीत तोल सांभाळणारं एक वेगळंच यंत्र आहे. गवंडी काम करताना दोन गोष्टी वापरतो, ओळंबा आणि पाणसळ. कानात तसंच दोन प्रकारचं काम चालतं. ओळंब्याचं काम करणारी एक पिशवी असते, तिच्या तळाला जेलीसारखा थर आणि त्या जेलीवर बारीक कण बसवलेले असतात. हे कण कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे शिंपला ज्याचा होतो तेच द्रव्य, आणि इतके बारीक की मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. मान कलली की या कणांचं वजन जेलीला ओढतं आणि खाली कुठे आहे ते मेंदूला कळतं. दुसरं काम तीन अर्धगोल नळ्यांचं. त्यात पाण्यासारखा द्रव असतो, डोकं फिरलं की द्रव मागे राहतो आणि नळीच्या एका टोकाला असलेला जेलीचा पडदा वाकतो, मेंदूला कळतं की डोकं इतक्या वेगाने अमुक बाजूला फिरलं. फुगडी थांबल्यावर घर फिरतं ते याचमुळे, तुम्ही थांबता पण द्रव अजून पुढेच चाललेला असतो, पडदा उलट्या बाजूला वाकतो, आणि तो जागेवर येईपर्यंत मेंदू समजत राहतो की आपण उलट्या दिशेला फिरतोय.

कण पिशवीत असेपर्यंत सगळं छान. वयानुसार, डोक्याला मार बसल्यावर, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर, किंवा काहीही कारण नसताना यातले काही कण सुटतात आणि नळीत शिरतात. दहातल्या आठ-नऊ जणांत मागच्या नळीत, कारण ती सगळ्यात खाली आहे आणि सुटलेलं काहीही उताराकडेच जाणार. नळीत नुसता द्रव असायला पाहिजे, वजनदार काही नको. आता आई कुशीवर वळल्या की हे कण नळीत घरंगळतात, सोबत द्रव ओढतात, पडदा वाकतो, आणि मेंदूला उजव्या कानाकडून निरोप जातो "डोकं जोरात फिरतंय". डावा कान म्हणतो "छे, काही नाही". डोळे म्हणतात "समोर तर भिंत आहे". मेंदू या भांडणात कानाचं ऐकतो.

आणि ऐकून काय करतो तर डोळे फिरवतो. हे घरी करून बघण्यासारखं आहे. मोबाईल समोर धरा, स्थिर, आणि मान "नाही नाही" अशी भरभर हलवत स्क्रीनवरचं वाचा, वाचता येतं. आता मान स्थिर ठेवा आणि त्याच वेगाने मोबाईल हलवा, अक्षरं पुसट होतात. कारण मान हलली की कान डोळ्यांना थेट हुकूम देतो, तेवढंच उलट्या दिशेला वळा, आणि हे साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात होतं, शरीरातल्या सगळ्यात चपळ प्रतिक्रियांपैकी एक. मोबाईलच्या मागे डोळ्यांना स्वतःहून धावावं लागतं, त्यात ते मागे पडतात. तर आईंच्या बाबतीत काय होतं, डोकं स्थिर असताना कान खोटा हुकूम देतो आणि डोळे थरथर फिरायला लागतात. खोली फिरताना दिसते ती खरंतर त्यांच्या डोळ्यांच्या फिरण्यामुळे. कण नळीच्या तळाला जाऊन बसले की हुकूम बंद, डोळे थांबले, खोली थांबली. म्हणून ते मिनिटाच्या आत आपोआप जातं, त्यात गोळीचा काही हात नसतो. पहाटे जास्त का, तर रात्रभर आडवं पडून कण एका जागी गोळा झालेले असतात, सकाळी पहिल्यांदा वळलं की सगळे एकदम निघतात. दिवसभरात ते पांगतात, म्हणून दुपारी त्याच कुशीवर वळलं तर कमी येते. तुम्ही लिहिलंय की दांडीवर कपडे वाळत घालताना वर बघितलं तेव्हाही एकदा आली. तंतोतंत बसतंय. माळ्यावरचा डबा काढताना, न्हाणीत मागे मान करून केस धुताना, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत मागे झोपल्यावर, सगळ्यांची गोष्ट एकच.

आता पित्ताचं. आपल्या घरात चक्कर आली, कडू पिवळं पाणी पडलं, की "पित्त झालंय" असं ठरतं आणि कोकम सरबत सुरू होतं (सरबत प्या, मला पण आवडतं). पण क्रम बघा ना, आधी काय झालं? आधी खोली फिरली, मग उलटी. तोल सांभाळणाऱ्या नसांचं उलटीच्या केंद्राशी जवळचं नातं आहे, एसटीच्या घाटातल्या प्रवासात लागतं ते त्याचमुळे. पहाटे पोटात अन्न नसतं, मग उलटीत पित्तच पडणार, दुसरं काय पडणार. पित्तामुळे चक्कर नाही, चकरेमुळे पित्त.

आणि मानेचं. एक्सरेमध्ये गॅप, झीज, कडेला वाढलेलं हाड हे सगळं साठीच्या पुढे बहुतेक सगळ्यांच्या मानेत दिसतं. माझ्या स्वतःच्या मानेचा काढला तरी दिसेल आणि मला चक्कर येत नाही. म्हणजे एक्सरे खोटा नाही, पण त्याने उत्तर दिलंय वेगळ्याच प्रश्नाचं. मान फिरवली की चक्कर येते म्हणून मान दोषी, असं लोकांना वाटतं, पण मान फिरताना तिच्यावरचं डोकंही फिरतंच की, कान त्या डोक्यातच आहेत. उभं राहून, बसून मान डावीकडे-उजवीकडे केली तर काही होत नाही आणि फक्त आडवं पडताना, कुशीवर वळताना, वर बघताना होतं, असं असेल तर मानेवरचा आळ मी तरी काढून टाकतो. ही चूक मी केलेलीय बरं का. प्रॅक्टिस नवीन होती तेव्हा माझ्या सख्ख्या मावशीला मी चार महिने पट्टा घालायला लावला होता. बिचारी उन्हाळ्यात घामाने गळ्याला पुरळ उठून घ्यायची पण "आपला पोरगा डॉक्टर आहे" म्हणून पट्टा काढायची नाही. पुढे एका कॉन्फरन्सला हे नीट शिकलो, परत येऊन तिला पलंगावर झोपवलं, सात-आठ मिनिटांत काम झालं. ती काही बोलली नाही, पण पट्टा मात्र माझ्या हातात दिला.

एमआरआय हवा का? आईंना वर सांगितलेलं धोक्याचं काही नसेल आणि खाली सांगतोय ती तपासणी ठासून पॉझिटिव्ह आली तर मी एमआरआय सांगत नाही. एमआरआयमध्ये हे कण दिसतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल येतो, किंवा "वयानुसार बदल" असं काहीतरी येतं, आणि त्या दोन शब्दांवर घरात महिनाभर झोप उडते. आणि गंमत म्हणजे जिथे खरंच मेंदूची शंका असते तिथे पहिल्या दिवसाचा एमआरआयसुद्धा कधीकधी नॉर्मल येऊ शकतो, तेव्हाही डोळ्यांच्या हालचाली नीट बघणारा डॉक्टर जास्त कामाचा. तपासणी करून चित्र जुळलं नाही, डोळे भलत्याच दिशेने फिरले, किंवा दोन-तीनदा उपचार करूनही ढिम्म फरक नाही, तर मग एमआरआय आणि न्यूरो, बिनदिक्कत.

ती तपासणी म्हणजे डिक्स-हॉलपाइक, १९५२ साली लंडनच्या दोन डॉक्टरांनी मांडलेली. पेशंटला टेबलावर पाय लांब करून बसवायचं, डोकं ४५ अंश उजवीकडे वळवायचं आणि पटकन मागे झोपवायचं, डोकं टेबलाच्या कडेच्या थोडं खाली लोंबेल असं. डोळे उघडे. आणि थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं, कारण पहिले दोन-पाच सेकंद काहीच होत नाही, नवशिका डॉक्टर म्हणतो नॉर्मल आहे आणि उठवतो. मग एकदम सुरू होतं. बुबुळ वर आणि गोल, जमिनीकडच्या कानाच्या दिशेने झटके देत फिरतं, बघणाऱ्यालाच गरगरायला होतं. मागच्या महिन्यात एक आजी होत्या, त्यांनी माझ्या शर्टाची कॉलर अशी गच्च धरली की वरचं बटण तुटलं, "फिरलं फिरलं, धरा मला!" त्यांचा नातू बाजूला उभा राहून मोबाईलवर डोळ्यांचा व्हिडिओ काढत होता, तो पांढराफटक. पंचवीसेक सेकंदांत बुबुळ थांबलं. आजी म्हणाल्या "गेलं की." ज्या बाजूला झोपवल्यावर येतं तोच कान बिघडलेला. हे एवढं स्पष्ट दिसतं की त्यापुढे रक्ततपासणी, एक्सरे, कशाचीच गरज राहत नाही.

आणि उपचार तिथेच, त्याच टेबलावर. कण नळीतून परत पिशवीत न्यायचे. नळी अर्धगोल आहे, म्हणून डोकं टप्प्याटप्प्याने असं फिरवायचं की कण दर वेळी उताराला लागून पुढे सरकत राहतील. लहानपणी काचेच्या झाकणाखाली छर्रा फिरवत भोकात घालायचा खेळ मिळायचा जत्रेत, अगदी तोच प्रकार, फक्त इथे छर्रा दिसत नाही. याला एपली म्हणतात. अमेरिकेत ओरेगन राज्यात पोर्टलंडला जॉन एपली नावाचे कानाचे डॉक्टर होते, त्यांनी १९८० मध्ये हे इतर डॉक्टरांना दाखवलं तेव्हा कुणी विश्वास ठेवेना, डोकं फिरवून कुठे आजार बरा होतो का म्हणून. त्यांचा सविस्तर पेपर छापून यायला १९९२ उजाडलं. आज जगभर हाच पहिला उपचार आहे आणि साधारण दहातल्या आठ जणांना एक ते तीन वेळांत आराम पडतो.

उजव्या कानासाठी कसं ते सांगतो, म्हणजे दवाखान्यात काय चाललंय ते तुम्हाला कळेल. पलंगावर पाय लांब करून बसायचं, मागे अशी उशी की झोपल्यावर ती खांद्यांखाली येईल आणि डोकं थोडं खाली जाईल. डोकं ४५ अंश उजवीकडे. तसंच पटकन मागे झोपायचं. गरगर येईल, येऊ द्या, थांबली की वर अजून अर्धा मिनिट. मग डोकं न उचलता डावीकडे ४५ अंशापर्यंत, म्हणजे एकूण ९० अंश. पुन्हा अर्धा-एक मिनिट. मग पूर्ण अंगासकट डाव्या कुशीवर वळायचं, नाक जमिनीकडे, जसं पलंगाखाली पडलेली चप्पल शोधतोय. पुन्हा तेवढंच थांबायचं. मग हनुवटी छातीशी ठेवून डाव्या बाजूने पाय खाली सोडत उठून बसायचं, आणि लगेच उभं नाही राहायचं, उठताना एक झोका येतो कधीकधी, कुणीतरी खांदे धरून ठेवा. झालं. डाव्या कानासाठी सगळं आरशातल्यासारखं उलट.

पण पहिल्यांदा हे घरी करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कोणता कान, कोणती नळी हे डोळे बघितल्याशिवाय पक्कं होत नाही. आडव्या नळीत कण असतील तर दोन्ही कुशींवर जोरात चक्कर येते, तिथे एपलीचा उपयोग नाही, वेगळ्या पद्धतीने अंग लोळवावं लागतं. आणि आईंच्या मानेचं ऑपरेशन झालेलं असेल, संधिवाताने मान खिळखिळी असेल, डोळ्याचा पडदा सरकल्याचा इतिहास असेल, तर डॉक्टरला आधी सांगा, तो हालचाली बदलून घेईल. एकदा निदान झालं आणि डॉक्टरने तुमच्यासमोर करून दाखवलं, की मग पुढच्या वेळी घरी करायला हरकत नाही. पुढची वेळ येते हेही आत्ताच सांगून ठेवतो, पाचेक वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना परत होतं, त्यात उपचार फसला असं काही नसतं, नवे कण सुटतात.

गोळ्यांबद्दल जरा कडक बोलतो. त्या आजी उठून बसल्यावर त्यांच्या मुलाने मला विचारलं "आणि गोळी कोणती?" मी म्हटलं, "कोणतीच नाही." त्याचा चेहरा असा झाला की मी त्याला फसवलं. आपल्याकडे गोळी नाही म्हणजे उपचार नाही. पण विचार करा, नळीत अडकलेल्या कणाला गोळी कशी हलवणार? प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन असल्या गोळ्या तोलाच्या केंद्राला गुंगी आणतात. जोरदार उलट्या होतायत तेव्हा दोन-तीन दिवस ठीक आहे, मी पण देतो. पण महिनोन्महिने घेतल्या की दोन गोष्टी होतात. एक म्हणजे मेंदूला नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला कानाकडून येणारी माहिती नीट लागते, आणि आपण त्यालाच झोपवून ठेवतो, म्हणून तोल सुधारायला उशीर होतो. दुसरं म्हणजे वयस्कर माणसांत या दोन्ही गोळ्यांनी हात थरथरणं, चालणं मंद होणं, पार्किन्सनसारखं दिसणं हे होऊ शकतं, मी अशी माणसं बघितली आहेत ज्यांची चक्करची गोळी दोन वर्षं कुणी बंदच केली नव्हती. बीटाहिस्टीन त्यामानाने सौम्य, दुसऱ्या एका कानाच्या आजारात देतात, पण कणांवर तिचाही काही परिणाम नाही. तुमच्या आईंची दिवसभराची गुंगी मला आजारापेक्षा गोळ्यांची वाटते. ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांशी बोलून कमी करा, भांडू नका, ते रोज शंभर पेशंट बघत असतात आणि प्रत्येकाला टेबलावर झोपवायला त्यांच्याकडे वेळही नसतो आणि टेबलही.

कानात तेल घालायचं का, हे तुम्ही विचारलं नाही पण घरात कुणीतरी विचारणारच. नको. तेल ऐकायच्या पडद्याच्या बाहेरच राहतं, तोलाचं यंत्र खूप आत. उलट कोमट-गार काहीही कानात ओतलं तर त्यानेच चक्कर येऊ शकते, कारण तापमानातल्या फरकाने आतला द्रव हलतो. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी कान धुताना पेशंटला गरगरतं हे बघून याच्याच मागे लागले आणि त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे तुम्ही घरी नोबेलचा प्रयोग आईंवर करताय, असं सांगा विचारणाऱ्याला.

अजून काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या विचारून घ्या. आईंना बीपीच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर घरच्या मशीनवर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत बीपी घ्या, वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर उठताना येणारी चक्कर वेगळी, ती बीपीची, तिला कानवाला काही करू शकत नाही. एका माणसाला दोन्ही असू शकतात आणि साठीनंतर असतातच बऱ्याचदा. कानात दडा बसतो का, आवाज येतो का, चक्कर तासन् तास टिकते का, तर ते दुसरं दुखणं. पूर्वी अर्धशिशी होती का, हेही सांगा. आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. हे हल्ली सगळ्यालाच सांगतात म्हणून तुम्ही हसाल, पण इथे खरंच अर्थ आहे. ते कण कॅल्शियमचे आहेत, हाडं ठिसूळ झालेल्या बायकांत हा त्रास जास्त दिसतो, आणि २०२० साली कोरियातल्या एका मोठ्या अभ्यासात डी कमी असलेल्यांना डी आणि कॅल्शियम दिल्यावर परत-परत होण्याचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी झालं. दिवसभर घरात असलेल्या आयांचं डी कमी निघण्याची शक्यता किती, ते तुम्हीच ठरवा.

एपली झाल्यावर पूर्वी आम्ही सांगायचो की दोन दिवस बसून झोपा, त्या कुशीवर वळू नका, पट्टा घाला. नंतर तुलना करून बघितल्यावर त्याने फारसा फरक पडत नाही असं दिसलं, म्हणून मी आता काहीच बंधन घालत नाही. फक्त एक, गरगर गेली तरी काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे, तरंगल्यासारखं, गादीवरून चालल्यासारखं वाटतं. लोक घाबरून परत झोपून राहतात आणि तिथेच चुकतं. मेंदू एवढे दिवस चुकीच्या माहितीवर हिशेब करत होता, त्याला आता नव्याने हिशेब जुळवायचाय, आणि तो पडून राहून जुळत नाही. सकाळ-संध्याकाळ कुणाच्या तरी सोबत चालायला न्या, चालताना इकडेतिकडे बघायला सांगा, देवळापर्यंत, भाजीपर्यंत, कुठेही. तोवर स्टुलावर चढणं नाही, स्कूटी नाही, आणि रात्री बाथरूमपर्यंत एक छोटा दिवा चालू ठेवा. या आजाराने कुणी मरत नाही पण पहाटे अंधारात पडून खुबा मोडलेल्या दोन बायका मी बघितल्यात.

तर न्यूरोच्या आधी जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे किंवा तोलाचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओकडे न्या, आणि फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच विचारा "तुम्ही हॉलपाइक करून बघता का?" समोरून "ते काय असतं" असं आलं तर दुसरा बघा. आधीच्या डॉक्टरांना विचारून तपासणीच्या आधी एक-दोन दिवस त्या गुंगीच्या गोळ्या थांबवा, नाहीतर डोळ्यांची हालचाल दबते आणि निदान निसटतं. बीपी-शुगरच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत, गैरसमज नको. घरी चक्कर येते तेव्हा शक्य झालं तर डोळ्यांचा जवळून व्हिडिओ काढा, लाईट लावून, दोन्ही डोळे उघडे, तो डॉक्टरला दाखवला की अर्धं काम तिथेच होतं. सकाळी नाश्ता अगदी हलका द्या, एखादी पोळी-चहा एवढाच. येताना रिक्षात मागे त्यांच्या बाजूला बसा, आणि सोबत एक जुना टॉवेल आणि प्लास्टिकची पिशवी असू द्या, टेबलावर झोपवल्यावर कामाला येते.